मागाच्या खोलीचं घर: पूर्व भागातल्या एका कामाच्या नोंदी

काम: तळमजल्याचं इंटिरियर. जागा: सोलापूर, पूर्व भाग. आतलं माप: १५ बाय ३६ फूट. राहणार: अण्णा आणि अम्मा. वर मुलगा, सून, दोन नातवंडं. मुदत: अक्षय्य तृतीयेला दूध उतू घालायचं.

२२ जानेवारी

गड्डा यात्रा (सिद्धेश्वरांची जानेवारीतली जत्रा) आटोपली, मिस्त्री लोक पुन्हा हाताशी आले. आज मापं घेतली. पूर्व भागात जागोजागी दिसते तीच बांधणी: खाली माग, वर बिऱ्हाड. दार पूर्वेला बोळावर, मागचं परसू पश्चिमेला, उत्तर-दक्षिणेच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. म्हणजे खिडकी काढायला दोनच टोकं. पुढचे २२ फूट स्लॅबखाली, मागचे १४ फूट पत्र्याखाली. आत उभं राहिलं की आगगाडीच्या डब्यात शिरल्यासारखं वाटतं.

इथं चादरीचे चार माग चालायचे, गेल्या वर्षी विकले. फरशीतून पायाचे बोल्ट अजून वर आलेत, ग्राइंडरनं कापावे लागतील. मागांच्या खालच्या शहाबादीत तेल इतकं मुरलंय की पाणी ओतलं तरी थेंब धरून बसतं. स्लॅबची उंची १३ फूट. राहत्या घराला एवढी उंची कोणी देत नाही, पण चादरीच्या मागावर जॅकार्ड (नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र) बसतं, त्याला डोक्यावर जागा लागते. ही उंची आयती मिळाली आहे, ती झाकायची नाही.

उजेड किती आहे ते बघायला अण्णांच्या हातात पेपर दिला आणि दारापासून आत चालायला लावलं. वेळ सकाळी अकराची. खिडकीपाशी बारीक जाहिरातीसुद्धा वाचल्या. दहा-बारा फुटांवर नुसते मथळे. मधोमध पोचल्यावर म्हणाले, "ताई, इथं तर आम्ही दिवसासुद्धा ट्यूब लावूनच माग चालवला." नकाशावर तेवढ्या भागात पेन्सिलीनं तिरक्या रेघा मारून ठेवल्या. या कामाचं मूळ दुखणं तिथं आहे.

२४ जानेवारी

घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं. सूनबाईंनी मोबाइलवर फोटो दाखवले: मोरपंखी भिंत, पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, जमिनीलगतचा सोफा. मुलाची एकच मागणी, "रंग आधी फायनल करू, म्हणजे बाकीचं मॅच करता येईल." बहुतेक घरांत सुरुवात इथूनच होते. रंग हा डब्यातून निघून भिंतीवर बसणारा पदार्थ आहे असं समजून शेडकार्ड उघडतात. भिंतीवर उजेड किती आणि कुठल्या दिशेनं पडतो हे कळल्याशिवाय मी शेडकार्ड काढत नाही, हे सांगितलं. मुलगा नाराज. चालायचंच.

अम्मा शेवटपर्यंत गप्प होत्या. मी मुद्दाम थांबले. मग म्हणाल्या, "मला मशीनपाशी उजेड पाहिजे, आणि खाली बसायला जागा पाहिजे. सगळीकडं सामान भरू नका." त्या टॉवेलच्या कडा शिवतात. शिवलेले टॉवेल खाली मांडून, मोजून, गठ्ठे बांधायला त्यांना सलग मोकळी जमीन लागते. सहा बाय सात तरी. हॉलच्या नकाशात पहिल्यांदा तो चौकोन काढला आणि त्यात "काही ठेवायचं नाही" असं लिहिलं. सोफा, टीव्ही, दिवाण सगळं त्याच्या भोवती जमवायचं.

२८ जानेवारी

मागच्या पत्र्यांपैकी स्लॅबला लागून असलेली एक ओळ उतरवली. ३ फूट रुंद, घराच्या पूर्ण रुंदीत. पत्रा निघाल्याबरोबर मधला भाग असा उजळला की गवंड्यासकट सगळे वर बघायला लागले. जुन्या वाड्यातल्या चौकाचंच हे काम, फक्त जागा बेताची. याला आम्ही चौकच म्हणायचं ठरवलं.

दुपारभर ऊन कुठं सरकतं ते खडूनं आखून ठेवलं. चौकाची फट उत्तर-दक्षिण पसरलेली, त्यामुळे सकाळचं ऊन पश्चिमेला म्हणजे होणाऱ्या स्वयंपाकघराकडं पडतं आणि दुपारनंतरचं हॉलच्या दिशेनं. साडेबाराच्या सुमारास सूर्य सर्वांत वर असतो, पण या दिवसांत तो दक्षिणेला कललेला, म्हणून ऊन उत्तरेच्या भिंतीवर चढतं. मे महिन्यात मात्र वेगळं चित्र असेल. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा ऊन सरळ जमिनीवर. त्याची सोय आत्ताच नकाशात धरायला हवी.

छताचं झाकण पत्र्यापेक्षा ९ इंच उचलून घ्यायचं, बाजूच्या फटीला जाळी. गरम हवा तिथून निघून जाईल. मुलाला वर आकाश दिसायला हवं, मला उजेड पसरलेला हवा. तडजोड अशी: मधल्या ५ फुटांत काच, दोन्ही बाजूंना दुधी पॉलिकार्बोनेट. काच डोक्यावर असणार, तेव्हा लॅमिनेटेडच घ्यायची. फुटली तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात, खाली पडत नाहीत. साधी टफन काच स्वस्त पडते, पण इथं नको.

३ फेब्रुवारी

नकाशा ठरला. पूर्वेकडून: हॉल १२ फूट, मग झोपायची खोली १० फूट (बाजूनं ३ फुटांची वाट सोडून), मग चौक ३ फूट, आणि मागच्या ११ फुटांत दक्षिणेला स्वयंपाकघर, उत्तरेला न्हाणी-संडास. झोपायच्या खोलीची खिडकी चौकात उघडणार. चौकात गोल जेवणाचं टेबल, ३ फूट व्यासाचं. चौघांना पुरतं, आणि येता-जाता गुडघ्याला कोपरा लागत नाही. या घरात भिंत, दार, कपाट, फरशी सगळंच काटकोनात. एक तरी आकार गोल हवा होता.

पश्चिमेच्या भिंतीवर मोठी खिडकी ठेवा, हवा येईल, असं मुलाचं म्हणणं. हवा येईल हे खरं. पण सोलापुरात उन्हाळी संध्याकाळी पश्चिमेची भिंत हात लावू देत नाही. चारनंतर ऊन इतकं खालून येतं की छज्जा काही करू शकत नाही, आणि मे महिन्यात सूर्य मावळतो तोही पश्चिमेपेक्षा थोडा उत्तरेला सरकून. म्हणून त्या बाजूला न्हाणी, पाण्याची जागा, मोरी. ऊन त्यांनी सोसायचं, माणसं आत. हवेसाठी वर अरुंद उभ्या खिडक्या, त्यांना उभ्या पट्ट्या, शिवाय एक्झॉस्ट.

अम्मांच्या भावाने वास्तूचा प्रश्न काढला: स्वयंपाकघर आग्नेयेला का नाही? वाद घातला नाही. शेगडी स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, तोंड पूर्वेला. पूर्वेला चौक आहे, म्हणजे उजेड समोरून पडणार आणि पातेल्यात स्वतःची सावली येणार नाही. मला ओटा तसाही तिथंच हवा होता. दोघांचं समाधान झालं.

पाणी. इकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घरात पिंपं, बादल्या, कळश्या यांची एक वेगळी वस्तीच असते. कुठल्याही सजावटीच्या फोटोत पिंप नसतं. माणशी १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा धरलेला आकडा, घरात सहा माणसं, म्हणजे दिवसाला ८१० आणि पाच दिवसांचे चार हजारांवर. एवढं पाणी पिंपांत ठेवायचं तर एक खोलीच जाईल. मागे जमिनीत हौद: ६ बाय ५ बाय ५ फूट, सव्वाचार हजार लिटर.

१० फेब्रुवारी

हौदाचं खोदकाम. चार फुटांवर काळा दगड लागला. सोलापूरच आहे, लागणारच. खोली चारवर थांबवली, लांबी साडेसात केली. पाणी तेवढंच.

१९ फेब्रुवारी

भिंतींना खालून अडीच फुटांपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) फुटलेला. रंगारी म्हणतो पुट्टी मारून झाकू. पुट्टी मारली असती तर पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटले असते. गिलावा तेवढा खरवडून विटा उघड्या केल्या, आठवडाभर वाळू दिल्या, वॉटरप्रूफिंगचं मिश्रण घालून परत गिलावा.

उत्तरेची भिंत मुद्दाम थोडी खरखरीत ठेवायला सांगितली. चौकातलं ऊन तिच्यावरून तिरकं सरकतं, त्यात बारीक दाणा उठून दिसतो. गुळगुळीत भिंतीवर तेच ऊन आलं की गिलाव्याचे उंचसखल भाग दिसतात आणि लोक रंगाऱ्याला शिव्या घालतात. गवंड्याला हे पटलं नाही. त्याच्या मते मी त्याचा हात खराब दाखवतेय. शेवटी दोन बाय दोनचा तुकडा करून उन्हात दाखवला, मग हात चालू झाला.

लाइटचे पॉइंट आखले. बटणं साडेतीन फुटांवर, प्लग दीड फुटावर. पलंगाच्या दोन्ही बाजूंना दिव्याचं बटण, रात्री उठलं तर चाचपडायला नको. पंख्याला साडेतीन फुटांची दांडी, पाती जमिनीपासून नऊ-साडेनऊ फुटांवर यायला हवीत. छताला चिकटून फिरला तर १३ फुटांवरून वारा खाली पोचतच नाही. पीओपीचा विषय सूनबाईंनी परत काढला. स्लॅबवर मजला आहे, वरून ऊन तापवत नाही. उंची खाऊन मिळणार काय, तर धूळ बसायच्या खाचा. नको म्हटलं. हवं असेल तर त्याच पैशांत मागच्या बाजूला साध्या पत्र्याऐवजी ५० मिलिमीटरचं पफ पॅनेल (आत फोम असलेला, ऊन अडवणारा पत्रा) बसवू, तिथं खरी गरज आहे. हे मान्य झालं.

२७ फेब्रुवारी

ओट्याची उंची. ठोकळ नियम ३२ ते ३४ इंच, पण अम्मांची उंची ४ फूट १०. नियमापेक्षा माणूस मोजावा. हात कोपरात वाकवून उभ्या राहिल्या, कोपर जमिनीपासून ३६ इंचांवर. चिरायला-ढवळायला त्यापेक्षा चार-पाच इंच खाली बरं पडतं, म्हणजे ३१.

पण अम्मांनी वेगळाच मुद्दा काढला. "भाकरी थापायला हे उंच होतंय." सोलापुरात रोज ज्वारीची भाकरी, त्यात वरून तळव्याचा भार द्यावा लागतो. ३१ इंचांवर खांदे वर उचलले जातात. मग परातीखाली विटा आणि प्लायचा तुकडा रचून प्रयोग झाला. पीठ खरं, पाणी खरं, थापणंही खरं. २९ वर "थोडं अजून", २८ वर त्यांनी मान हलवली आणि बोलत बोलत भाकरी पूर्ण मोठी करून टाकली. मी बघत होते ते त्यांच्या खांद्यांकडं, एकदाही वर गेले नाहीत. शेगडीच्या उजव्या हाताला ओट्याची दोन फुटांची पायरी २८ इंचांवर उतरवायची. कडप्पा नको, काळ्यावर पिठाची रांगोळी दिसते असं त्यांचंच म्हणणं. करड्या ग्रॅनाइटची पाटी, कड गोल घासून.

मिस्त्री म्हणाला, "ओटा एका लेव्हलला नसला तर लोक हसतील." हसू देत.

६ मार्च

प्लाय आलं. मागवलं होतं ओल्या जागेसाठी, आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) च्या शिक्क्याचं. शिक्का ठळक होता, पण कापल्यावर कडेला आतले थर मऊ दिसले, मधे पोकळ्या. तुकडा कापून पाण्यात उकळत ठेवला. ७१० ला ७२ तास उकळूनही थर सुटू नयेत. हा तुकडा संध्याकाळपर्यंत पुस्तकासारखा उघडला. मिस्त्रीनं न बोलता उचलून टेंपोत टाकला आणि सगळी शीटं परत पाठवली. व्यापारी फोनवर म्हणत होता की चुकून दुसऱ्या गठ्ठ्यातली आली. असेल. दुसरीकडून घेतलं, त्यातलाही तुकडा उकळतोय.

सिंकखालच्या आणि न्हाणीलगतच्या कपाटांनाच हे भारी प्लाय. झोपायच्या खोलीतल्या कपाटाला साधं चालतं. सरसकट भारी लावून बिल फुगवण्यात अर्थ नाही.

१५ मार्च

फरशी. तेल मुरलेल्या ओळी उपटल्या, बाकीची जुनी शहाबादी ठेवली. मुलाला सगळीकडं चकचकीत व्हिट्रिफाइड हवी होती. शहाबाद इथून फार लांब नाही, कलबुर्गी जिल्ह्यात, आणि या दगडाला सोलापूरचा उन्हाळा माहीत आहे: पाय ठेवला की गार. मशीननं पॉलिश केल्यावर तिचा निळसर राखाडी रंग वर आला तेव्हा मुलगा स्वतःच म्हणाला, राहू द्या. न्हाणीत मात्र तीच शहाबादी बिनपॉलिशची, पाय घसरू नये म्हणून. उंबरठे सगळे काढले. अण्णा पाय फरपटत चालतात, अर्धा इंचही नको.

आता रेघांचं. लांबट खोलीत फरशीचे जोड लांबीच्या दिशेनं गेले की बोगदा आणखी लांब होतो. म्हणून चौकाच्या जागी उपटलेल्या ओळींच्या बदल्यात फिकट कोटा दगडाचा पट्टा आडवा टाकला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, ३ फूट रुंद. नजर दारातून आत आली की त्या पट्ट्यावर थांबते. मग वर उजेड दिसतो, मग टेबल. झोपायच्या खोलीच्या दारावरची फळीसुद्धा त्याच आडव्या रेघेत पुढं काढून वाटेवरचा माळा केला. १३ फुटांची उंची इथं वसूल झाली: गाद्या, दिवाळीचं सामान, पाहुण्यांची अंथरुणं सगळं वर. दिसायला फक्त एक जाड आडवी लाकडी पट्टी.

टाइलवाल्यानं न्हाणीसाठी फुलांच्या हायलायटर टाइल आणून ठेवल्या होत्या, भेट म्हणून. परत पाठवल्या. त्याचं कारण पुढं चादरीच्या नोंदीत येईल.

२६ मार्च

आज शेडकार्ड उघडलं. मुलाला सुटल्यासारखं झालं.

भिंतीवर थेट नमुने मारत नाही. जुन्या रंगाच्या शेजारी नवा रंग फसवतो. दोन बाय दोनच्या प्लायवर दोन हात मारून ते तुकडे घरभर फिरवले. मोरपंखी घेऊन सूनबाई मधल्या वाटेत उभ्या राहिल्या, तिथं तो काळपट, शाईसारखा. तोच तुकडा हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर, म्हणजे दारासमोर धरला, आणि सकाळच्या उन्हात त्यातली हिरवी झाक जिवंत झाली. शेडकार्डच्या मागं उजेड परतवण्याचा आकडा असतो. या मोरपंखीचा दहाच्या आसपास, निवडलेल्या पांढऱ्याचा ८० च्या वर. म्हणजे पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला बहुतेक परत देते, मोरपंखी बहुतेक गिळते. गिळणारा रंग जिथं उजेड भरपूर आहे तिथंच लावायचा. ठरलं: मोरपंखी त्या एकाच भिंतीवर. वाट, चौक, छत सगळं पांढरं, किंचित पिवळसर. निळसर पांढरा शहाबादीशेजारी दवाखान्याचा वाटतो.

मग बल्ब. इकडं दुकानात "पांढरा" मागितला की ६५०० केल्विनचा देतात, निळाशार. हॉल आणि झोपायच्या खोलीत ३००० (पिवळसर), स्वयंपाकघर आणि अम्मांच्या मशीनपाशी ४०००. मशीन पूर्वेच्या खिडकीपाशी, अम्मांचं तोंड दक्षिणेला, म्हणजे उजेड डावीकडून येतो आणि उजव्या हाताची सावली सुईवर पडत नाही.

रंग खरा दाखवण्याचा आणखी एक आकडा बल्बच्या डब्यावर असतो, सीआरआय. ८० वाला स्वस्त, ९० वाला महाग. फरक कोणाला कळतो, असं मुलगा म्हणाला. मी दोन बल्ब शेजारी लावले आणि अण्णांकडून दोन रिळं मागून घेतली, एक मरून, एक कत्थई. ८० खाली दोन्ही सारखीच वाटत होती. ९० लावला आणि मी विचारायच्या आधीच अण्णा म्हणाले, "हां, आता वेगळं दिसतंय." मग सांगत बसले, रंगाऱ्याकडून सूत आलं की शेड कधी आत बघायची नाही, दारात उजेडाला धरून बघायची. ट्यूबखाली जुळलेले दोन लॉट चादरीत विणल्यावर उन्हात वेगळे दिसतात, आणि मग गिऱ्हाईक माल परत करतं. इंटिरियरच्या वर्गात एका तासात शिकवतात ते या माणसाला तरुणपणापासून माहीत. मशीनपाशी ९० चा बल्ब लागला, मुलानंच जाऊन आणला.

८ एप्रिल

पुट्टी, प्रायमर, पहिला हात झाला. उन्हानं रंग ब्रशवरच वाळतोय, म्हणून रंगारी पहाटे येतात आणि अकराला थांबतात. दुसरा हात पाडव्याच्या सुट्टीनं मागं पडलेला, तो या आठवड्यात.

१७ एप्रिल

फर्निचर लागलं. दिवाणाची बैठक १८ इंच. फोटोतला सोफा १५ इंचांचा होता, अण्णांना त्यातून उठायला दोन माणसं लागली असती. सूनबाईंना दुकानात नेऊन तसल्याच सोफ्यावर अण्णांना बसवून दाखवलं, मग विषय संपला.

अम्मांचा सहा बाय सातचा चौकोन शाबूत आहे. टीपॉय चाकांचा केला. मुलानं मधल्या काळात एक झोपाळा आणायचं काढलं होतं, अम्मांनीच परतवला.

चादर. अण्णांनी शेवटच्या मालातली एक जपून ठेवलेली: मरून आणि क्रीम, मोठी वेलबुट्टी, जॅकार्डवरची. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीची ओळख म्हणजे ही दुहेरी वीण: उलटी केली की नक्षी तीच, रंगांची अदलाबदल. दिवाणावर क्रीम बाजू वर टाकली, मोरपंखीसमोर मरून जरा जड होत होता. एकेक बुट्टा फूटभराचा, एवढी मोठी नक्षी एका खोलीत एकदाच झेपते. म्हणून पडदे बिननक्षीचे जाड सुती, टाइल साध्या, उशा एकरंगी. ती फुलांची टाइल परत गेली ती यासाठी.

जॅकार्डचे पुठ्ठे. मागांबरोबर हे विकले नव्हते. दोऱ्यानं ओवलेली लांब माळ, प्रत्येक पुठ्ठ्यावर भोकं. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक: भोक असेल तिथं उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. मुलाला ते रेझिनमध्ये ओतून टेबल करायचं होतं. माझा साफ नकार. रेझिनमध्ये गेलेली वस्तू परत बाहेर येत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत ऊन लागून रेझिन पिवळं पडतं. झोपायच्या खोलीची चौकाकडची खिडकी आडोशासाठी काहीतरी मागत होती. दोन काचांच्या मधे पुठ्ठ्यांच्या सात ओळी उभ्या बसवल्या, खालच्या अर्ध्या भागातच. आत उजेड येतो, जेवणाच्या टेबलावरून पलंग दिसत नाही. पुठ्ठे आधी कपड्यानं पुसून घेतले, तरी तेलाचा वास आहेच. काच बंद असल्यानं खोलीत येत नाही. अण्णांनी कुठला पुठ्ठा कशानंतर येतो ते बघून ओळी लावून दिल्या. बाहेरच्याला फरक कळणार नाही, पण त्यांना उलटसुलट लावलेलं चाललं नसतं.

२९ एप्रिल

उद्या अक्षय्य तृतीया. घर पुसून झालं. राहिलेलं: न्हाणीतला हातधरा (कंपनीनं चुकीच्या मापाचा पाठवला, बदलून येतोय), माळ्याच्या एका दाराची बिजागरी, बोळाकडच्या खिडकीची जाळी. हौद परवा नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरला, ओल कुठं नाही. पिंपं भंगारवाल्याला दिली. एक अम्मांनी ठेवून घेतलं, मोरीत. असू दे.

११ मे

उन्हाची परीक्षा बघायला साडेबाराच्या आधी पोचले. नातवंडं अंगणात बाटली उभी करून सावली शोधत होती, ती बुडाशीच गोळा झालेली. आत काचेतून ऊन थेट टेबलावर, डोळे दिपतील इतकं. दुधी भागाखाली मात्र नुसता मऊ उजेड. जानेवारीतच धरून ठेवल्याप्रमाणे काचेखाली आडव्या तारांवर सरकणारी बांबूची चिक आज बसवली. दोरी साडेतीन फुटांवर सोडली, अम्मांचा हात सहज पोचतो. चिक ओढल्यावर टेबलावर बसता येतं. वरच्या जाळीतून गरम हवा जाते का ते उदबत्ती धरून बघितलं, धूर सरळ वर जाऊन बाहेर पडतो.

स्वयंपाकघर साडेचारला तपासलं. पश्चिमेची न्हाणी तापलेली, स्वयंपाकघराची भिंत कोमट. अम्मांची एकच तक्रार: २८ इंचांच्या पायरीवर आता सूनबाईसुद्धा कणीक मळायला येतात, त्यामुळे दोघींची गर्दी होते.

चिक ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा लागेल, तेव्हा ढग असले तर नाही लागणार. झाकणाच्या कडेची सिलिकॉनची रेघ पहिल्या पावसात येऊन बघायची आहे. शेवटचा हप्ता मिळाला.